बंद घराची अट

बारामती,
१८ जून २०२४

ती. आबांस,
रोहिणीचा नमस्कार.

काल माळावरचे भीमाभाऊजी खत न्यायला बारामतीत आले होते. तुम्ही पाठवलेल्या शेवग्याच्या शेंगा पोचल्या. कचेरीत स्वरूपाताईंनाही दिल्या. गाड्यांचे आणि घरांचे विमे उतरवता उतरवता त्या मला आमटीची कृती विचारत होत्या.

भाऊजी जाता जाता बोलून गेले, की गेल्या आठवड्यात ओढा काठोकाठ भरला होता आणि तुम्ही दारात मातीची पोती रचून पाण्याकडे बघत बसला होतात. मला हे तुमच्याकडून कळलं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मान्य. मी ओरडून बोलायला लागले की शेजारच्या खोलीतले दारात येऊन बघतात. पण पत्रात तरी लिहायचं. हे गेल्यापासून तुम्ही त्या घरात एकटे आहात आणि तुमची सून चाळीस किलोमीटरवर बसून दुसऱ्याकडून बातम्या ऐकते.

एका कामासाठी थोडी माहिती हवी आहे. घर कुणाच्या नावावर आहे? बांधून किती वर्षं झाली? बांधकाम किती फूट? ओढ्यापासून किती लांब? ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढून पाठवा. कशासाठी ते सविस्तर लिहीन, आत्ता टपालाची पेटी उघडायच्या आत हे टाकायचं आहे.

गोळ्या घेता ना?

तुमची,
रोहिणी


निमगाव केतकी,
२७ जून २०२४

चि. रोहिणीस,
आबाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्ना पुन्ना वाचलं. घर कुणाच्या नावावर हाय, किती फूट हाय, किती जुनं हाय, आसं जवा कोण इचारतं तवा घर इकायचं आसतं. एवढं मला कळतं. कान गेलं, डोकं जाग्यावर हाय.

मला राग न्हाय पोरी. जोत्या माझा एकुलता एक. त्येच्या माघारी जे हाय ते तुझंच. तू तरणी हाईस, बारामतीत तुला जागा घ्यायची आसंल. पर घर काय हाय ते तुला सांगतो, कारण जोत्यानं कदी सांगितलं नसंल.

माझा बा, बिरू, उभा जलम मेंढरामागं फिरला. त्येचं घर म्हंजे खांद्यावरचं घोंगडं. ह्या जाग्यावर त्येचं मेंढरं कोंडायचं वाडगं व्हतं. ओढ्याला पाणी चढलं की त्यो मेंढरं उठवायचा आन् माळावर जायाचा. मी साखर कारखान्यात मिलला लागलो. त्या घरघरीत कान ठिवून आलो आन् त्या पगारातनं हे घर बांधलं. आमच्यात भिंती घालणारा मी पयला. मेंढरं उठवता येत्यात. घर उठवता येत न्हाय.

उतारा सोबत हाय. घर माझ्या नावावर हाय. पंचवीस वर्सं झाली. ओढा अंगणाला लागून हाय. एकच मागतो. माझ्या डोळ्यादेखत नगं.

गोळ्या घेतो.

आबा


बारामती,
५ जुलै २०२४

ती. आबा,

तुम्ही उतारा पाठवलात! मनात असं असताना पाठवलात! कचेरीत पाकीट उघडलं आणि मला पुढचं काही दिसेना. ताईंनी पत्र वाचलं आणि मलाच रागावल्या. "अगं, म्हाताऱ्या माणसाला निम्मं लिहून कसं चालेल?"

घर विकायचं नाही आबा. घराचा विमा उतरवायचा आहे. पुराचा.

नीट सांगते. जागेचा विमा नसतो. घराच्या भिंती, स्लॅब, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, बाहेरचा संडास, हे सगळं आज नव्याने बांधायला जो खर्च येईल त्याचा विमा असतो. पुराने भिंत पडली तर ती पुन्हा उभी करण्यापुरते पैसे मिळतात. घर जुनं आहे म्हणून हात आखडत नाहीत. आग, वादळ, भूकंप हेही त्यात आलं. घरातलं सामान ठरावीक मर्यादेपर्यंत त्यातच धरतात. दागिने असतील तर वेगळे लिहावे लागतात. रोख रक्कम धरत नाहीत. शेरडांचा विमा वेगळा. आणि भिंतीला वर्षानुवर्षं ओल धरून पोपडे पडले तर त्याचं काही मिळत नाही, कारण ते पुराने केलेलं नसतं.

पूर्वी कधी पाणी आत आलं असेल तर खरं सांगा. लपवलं की उद्या कंपनी त्याच वाक्यावर बोट ठेवते. हप्ता थोडा वाढला तर मी भरते.

आता मला हे का हवंय ते. घर राखलं जावं म्हणून नाही. तुम्ही ते राखत बसू नये म्हणून. पुढच्या वेळी पाणी वाढायला लागलं की पोती रचायची नाहीत. कुलूप लावायचं आणि भीमाभाऊजींकडे माळावर जायचं. घराचं काय व्हायचं ते होऊ दे.

अर्ज सोबत आहे. पेन्सिलीने खुणा केल्यात तिथे सह्या करा.

रोहिणी


निमगाव केतकी,
१६ जुलै २०२४

चि. रोहिणीस,
आशीर्वाद.

सह्या केल्या. भीमानं घराचं फोटू काढलं. पाणी मागं एकदा उंबऱ्याला लागलं व्हतं, आत आलं न्हवतं. तसंच ल्हिलंय.

सामानात तुझं शिलाई मशीन धरलंय. तू गेल्यापासनं त्येच्यावर कापड घातलंय आन् आठवड्याला तेल सोडतो. चाक हातानं फिरवून बघतो. चालतं का न्हाय ते मला आवाजावरनं कळत न्हाय, म्हणून हात ठिवून बघतो. गार आन् गुळगुळीत चालतं.

घरात राहणारी माणसं किती, ह्याच्यात दोन ल्हिलंय.

भीमाची कुशाबाई भाकऱ्या दिती. काळजी करू नगं.

आबा


बारामती,
२ ऑगस्ट २०२४

ती. आबा,

पॉलिसी आली. तिची प्रत सोबत पाठवते. पत्र्याच्या पेटीत नको, वर फळीवर ठेवा.

ताईंनी अर्ज तपासताना विचारलं, "राहणारी माणसं दोन? दुसरं कोण गं?" मी म्हटलं, एक करा. पण ते मी माझ्या हाताने करणार नाही असं सांगितलं. त्यांनीच केलं.

एक अट लक्षात ठेवा. घर बंद राहिलं तर भरपाईला अडचण येते, तसं काही असेल तर कळवावं लागतं. महिन्याहून जास्त वगैरे. तुम्ही कुठे जाताय म्हणा, तरी आपलं सांगून ठेवलं.

दिवाळीला मात्र तुम्ही इकडे या. मला यंदा सुट्टी फक्त पाडव्याची आहे. भवानीनगरवरून येणारी एसटी धरा, मी स्टँडवर उभी राहते.

रोहिणी


निमगाव केतकी,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. रोहिणीस,
आशीर्वाद.

दिवाळीला यायला जमत न्हाय. घराला कुलूप लावता येत न्हाय. तूच ये म्हणलं आसतं, पर तुला सुट्टी न्हाय.

पानमळ्याकडनं वारं येतं आता गार. तू हितं आसताना वाळवणं घालायचीस त्या कट्ट्यावर मांजर बसतं.

आबा


बारामती,
८ जानेवारी २०२५

ती. आबा,

मी खोली बदलली. आता भिगवण रोडला राहते. दोन खोल्या आहेत, पाणी दोन्ही वेळेला येतं आणि मागच्या खोलीला खिडकी आहे. तिथे तुमच्यासाठी खाट टाकली आहे. नवी गादी भरून घेतली. उशी जरा कडक झाली, तुम्हाला तशीच लागते.

संक्रांतीला या. चार दिवस राहा. इथे कुणाला ओरडून बोलायला लागलं तरी चालतं, खालच्या मजल्यावर लाकडाची वखार आहे.

मी रोज कामावरून येते आणि पहिल्यांदा त्या खाटेवर पिशवी ठेवते. मग उचलते. ती जागा तुमची आहे.

रोहिणी


निमगाव केतकी,
१५ जानेवारी २०२५

चि. रोहिणीस,
आशीर्वाद.

पत्र उशिरा मिळालं, सण झाला. मिळालं आसतं तरी येणं झालं नसतं. घराला कुलूप लावता येत न्हाय. तुला ठावं हाय.

तिळगूळ भीमाच्या हाती धाडला.

आबा


बारामती,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आबा,

तिळगूळ मिळाला.

दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा तुम्ही कुलपाचं कारण दिलंत. मला ठावं आहे असंही लिहिलंत. हो, ठावं आहे. मी तीन वर्षांत त्या घरात एक रात्र राहिले नाही. सकाळच्या गाडीने येते आणि संध्याकाळच्या गाडीने जाते. त्याचा राग तुमच्या मनात असणारच. पण मग सरळ तसं लिहा. कुलूप लावता येत नाही असं काय लिहिता?

आता बोलावणार नाही. खाट आहे तिथेच राहील.

रोहिणी


निमगाव केतकी,
६ जून २०२५

चि. रोहिणीस,
आबाचा आशीर्वाद.

तू परवा शाळेत येऊन गेलीस. एवढ्या पूरग्रस्तांच्या गर्दीत, लेकरांच्या कालव्यात तू माझ्या कानाशी तोंड आणून इचारत व्हतीस, "सगळे गेले, तुम्ही का थांबलात?" वठावरनं कळलं मला. पर मी सांगायला लागलो की मला मोठ्यानं सांगावं लागतं आन् आख्खी शाळा ऐकती. म्हणून नुस्ता हसलो. तू रडत यष्टीत बसलीस. आता ल्हितो.

मे म्हैन्यात ओढ्याला आसा पूर मी जन्मात बघितला न्हवता. दुपारी भीमा ट्रॅक्टर घिऊन आला. ओढ्याकडची समदी माणसं ट्रॉलीत बसली. भीमानं हातानं खुणावलं, चला. मी म्हणलं, तुमी व्हा फुडं. त्येला वाटलं मी मागनं येतोय.

कुलूप हातात घेतलं व्हतं, खरं सांगतो. तेवढ्यात तुझं पत्र आठवलं. घर बंद राहिलं तर भरपाईला अडचण. त्येच्या आधीच्या पत्रात तू ल्हिलं व्हतंस की कुलूप लावून माळावर जावा. पर अट नंतरच्या पत्रात आली. कारखान्यात आमाला तसंच शिकवलं व्हतं, दोन नोटिसा आल्या तर नंतरची खरी. मी म्हणलं, आज घर पडलं आन् मी घरात नसलो तर कंपनी म्हणंल, घर बंद व्हतं. मग ह्या पोरीला काय राहिलं? दिवाळीला आन् संक्रातीला त्येच्यापायीच आलो न्हाय. मला वाटलं तुला ठावं हाय, तूच तर ल्हिलं व्हतंस. खाट टाकलीस ते वाचून मी पिशवी भरली व्हती. मग रिकामी केली.

पाणी मागल्या दारानं आलं. बघता बघता गुडघ्याला लागलं. मशीन खाटंवर ठिवलं, तर खाट हलाया लागली. मग मशीनचं मुंडकं तेवढं सोडवलं आन् घोंगड्यात गुंडाळून बाहेरच्या जिन्यानं स्लॅबवर नेलं. तितंच बसलो, त्येला पोटाशी धरून. खाली मागली भिंत गेली. आवाज न्हाय आला. बुडाखाली स्लॅब थरथरला, तवा कळलं.

भीमा आन् गावची माणसं पलीकडनं हाका मारत व्हती म्हणं. माझी पाठ त्यांच्याकडं. मला काय ऐकू येणार? त्यांना वाटलं म्हातारा गेला बसल्या बसल्या. मग जेसीबी आणला. भीमा त्येच्या बकेटात उभा राहून आला आन् माझ्या खांद्याला हात लावला. मी दचकलो. मी म्हणलं, "भीमा, मला नेऊ नगं, घर बंद पडतंय." त्येनं दोन्ही हातानं माझं तोंड आपल्याकडं वळवलं आन् सावकाश बोलला, मला वठ वाचता यावं म्हणून. "आबा, दार वाहून गेलंय. आता बंद कसं पडंल?"

मग गेलो त्येच्याबरूबर.

तू रडू नगं. मशीन वाचलंय.

आबा


बारामती,
११ जून २०२५

ती. आबा,

महिना. आबा, सलग महिनाभराहून जास्त घर बंद राहणार असेल तर. आणि तेव्हाही नुसतं कळवायचं. दिवाळीचे चार दिवस नव्हे. पूर आला म्हणून जीव वाचवायला बाहेर पडणं तर नव्हेच नव्हे. कुठलाही विमा माणसाला पाण्यात बसून राहा म्हणत नाही.

मी तुमचं पत्र ताईंना वाचून दाखवलं. अर्ध्यावर त्यांनीच हातातून घेतलं. त्यांच्याकडे माझ्या पत्राची गोष्ट काढली तर म्हणाल्या, "अट खरी आहे, पण तू ती मोडून-तोडून लिहिलीस." महिन्याहून जास्त वगैरे! त्या वगैरेने तुम्हाला वर्षभर घरात कोंडलं. आणि मी इकडे खाटेकडे बघून तुमच्यावर रुसून बसले. तुम्ही भरलेली पिशवी रिकामी करताय, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता हे वाचा आणि यातला एकही शब्द मनाने बदलू नका. काही समजलं नाही तर भाऊजींना माझ्याशी फोनवर बोलायला सांगा, ते तुम्हाला खुणेने सांगतील.

ताईंनी कंपनीला कळवलं आहे. पाहणीला कंपनीकडून सोनल नावाच्या बाई येतील. त्या येईपर्यंत पडलेली भिंत, भिजलेलं सामान आहे तसं राहू द्या, आणि फेकावंच लागलं तर आधी फोटो काढा. इंदापूरहून तहसीलची माणसं पंचनामा करून गेली असतील तर त्याची नक्कल घ्या. सरकारी मदत वेगळी आणि विमा वेगळा, दोन्ही मिळतं.

आणि पॉलिसीत आणखी एक आहे. घर राहण्याजोगं उरलं नसेल तर ते दुरुस्त होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचं भाडंही त्यात येतं. म्हणजे तुम्ही शाळेत राहायचं नाही, कुशाबाईंच्या पडवीतही नाही. भाड्याचं काय ते पुढे बघू. तुम्ही माझ्याकडे या. घर बांधून होईपर्यंत. मग तुम्हाला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही.

मशीन गेलं असतं तरी चाललं असतं आबा. ते सामानात धरलेलं होतं. तुम्ही कशातच धरलेले नव्हतात.

रोहिणी


निमगाव केतकी,
२० जून २०२५

चि. रोहिणीस,
आशीर्वाद.

समजलं. एकही शब्द बदलला न्हाय.

सोनलबाई येऊन गेल्या. तुझ्याएवढ्याच हायत. चिखलातनं चप्पल हातात घिऊन आल्या. मला ऐकू येत न्हाय म्हणल्यावर त्या प्रत्येक सवाल कागदावर ल्ह्यायच्या आन् मी तोंडानं जवाब द्यायचो. मागली भिंत, फरशी, दारं, वायरिंग, समदं मापलं. स्लॅब शाबूत हाय म्हणल्या. भिंत बसंल, घर उभं राहील. कंपनीकडनं मंजुरी आली की काम सुरू.

जाताना त्यांनी कागदावर ल्हिलं, आणखी काही गेलं आहे का? मी म्हणलं न्हाय.

मग त्या गेल्यावर मी तितंच पायरीवर बसलो. रोहिणी, एक इचारू? तुला वाईट वाटणार आसंल तर जवाब देऊ नगं. जोत्या मोठा झाला तवर माझं कान गेलं व्हतं. त्येचा ल्हानपणीचा आवाज मला आठवतो, किरटा व्हता. मोठेपणीचा न्हाय. त्येचं तोंड हललेलं दिसायचं, मी मान हलवायचो. एकदा नीट ऐकायला पायजे व्हतं. भीमाला इचारलं तर म्हणतो, चांगला व्हता. चांगला म्हंजे कसा? घोगरा व्हता का? भरून यायचा का? तू ऐकलास. तू सांग.

मी यायला तयार हाय. पिशवी भरलीय.

आबा


बारामती,
२६ जून २०२५

ती. आबा,
नमस्कार.

पत्र कालच आलं. कचेरीत वाचता आलं नाही, घरी आणलं.

घोगरा नव्हता. भरदार होता, पण सकाळी उठल्यावर पहिलं बोलणं जड यायचं, तोंडात काहीतरी असल्यासारखं. चहा झाला की मोकळा व्हायचा. हसताना आवाज फुटायचा आणि मग ठसका लागायचा. "रोहिणी" म्हणताना मधला "हि" गिळायचे. मला नेहमी "रोणी" ऐकू यायचं.

आणि मोठ्याने बोलायचे. तुमच्याशी बोलून बोलून तशी सवयच झाली होती. खोलीत आले की माझ्याशीही पहिलं वाक्य ओरडूनच. मग स्वतःच्याच लक्षात यायचं, हसायचे आणि दुसरं वाक्य इतकं हळू बोलायचे की मला ऐकू यायचं नाही. तुम्ही न ऐकता मान हलवता हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं वाईट त्यांना कधी वाटलं नाही. एकदा तुम्हाला म्हणाले, "आबा, नोकरी सोडतो आणि आज्ज्यासारखी मेंढरं घेतो." तुम्ही व्हय व्हय म्हणालात. ते आत येऊन माझ्यापुढे पोट धरून हसले. "बघ, परवानगी मिळाली."

आता जे लिहिते ते तुम्हाला कुणीच सांगितलं नसणार, कारण ते सांगायचं आहे हे कुणाच्या लक्षात आलं नसेल. आबा, त्यांचा आवाज म्हणजे तुमचाच आवाज. अगदी तोच. लग्न होऊन आले तेव्हा पहिले कितीतरी दिवस अंगणातून हाक आली की मला कळायचं नाही, तुम्ही आहात की ते. मग मी दारापर्यंत जाऊन बघायचे. तुम्हीही "हि" गिळता. तुम्हाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ठाऊक नाही.

हे गेल्यानंतर तुम्ही अंगणातून मला हाक मारायचात. मी हातातलं टाकून दारापर्यंत धावायचे. प्रत्येक वेळी. दारात तुम्ही असायचात. म्हणून मी बारामतीला आले. म्हणून रात्र राहत नव्हते. तुमच्यावर राग नव्हता आबा, त्या घरावरही नव्हता.

आता तीन वर्षं इथे बारामतीत मला कुणी हाक मारलेली नाही. वखारीतल्या करवतीचा आवाज येतो, बाकी काही नाही.

पुढच्या रविवारी, ६ जुलैला, सकाळच्या गाडीने मी तुम्हाला न्यायला येते. रात्री कुशाबाईंकडे राहू, सोमवारी निघू. तुम्ही फाट्यावर येऊन उभे राहा. मी एसटीतून उतरले की जवळ येऊ नका. लांबूनच हाक मारा. मी लगेच ओ देणार नाही. पुन्हा मारा.

तुमची,
रोहिणी